काट्यावर बसायचे दिवस

कापूस फुटला की माझं शेतात जाणं बंद होतं. लोकांचं उलटं असतं. वर्षभर घरी लोळतील, पण पऱ्हाटी पांढरी झाली की बांधावर खाट टाकतील. मी दसरा झाला की गुडघ्याचं कारण काढतो. गुडघे गेलेत हे खरं आहे. पण शेत काही लांब नाही, ओट्यावरून हाक मारली तर तिथल्या कोठ्यापाशी ऐकू जाते. मला गुडघा अडवत नाही. त्या कोठ्यात कापूस मोजायचा काटा टांगलेला आहे, तो अडवतो.

काल वत्सला दारात आली. तीस वर्षांपासून आमच्या शेतात वेचायला येते, आता वेचणाऱ्या बायांची पुढारीण आहे. चप्पलही काढली नाही, उभ्यानंच बोलली.

"दादा, उद्या सीतादही करून राह्यलो. तुमी या."

"पाह्यतो."

"नऊ सालापासून पाहूनच राह्यले तुमी! वहिनी गेल्यावर एक डाव आले, अन् काटा पाहून माघारी पळाले. पऱ्हाटी इचारते मले, मालक जित्ता हाये का म्हणून."

तिला उत्तर द्यावं म्हणून मी उठलो. माझ्याबरोबर खुर्चीही उठली. हातवाली प्लास्टिकची खुर्ची. तिचे दोन्ही हात माझ्या कमरेत रुतून बसलेले. मी वाकलेला, खुर्ची मागे चिकटलेली, पाठीवर घर घेऊन निघालेली गोगलगाय जशी. वत्सलानं मागून येऊन खुर्ची धरली, एक पाय भिंतीला लावला आणि ओढली.

"सोड व माय आमच्या दादाले," ती खुर्चीला म्हणाली आणि हसली. मग हसायची थांबली. ती हसली त्याचं काही वाटलं नाही. थांबली ते लागलं.

सीतादही म्हणजे आमच्याकडं पहिल्या वेच्याची पूजा. बाया शेतात दहीभात नेतात, पऱ्हाटीच्या तासात, म्हणजे ओळीत, पाच खडे मांडून हळदकुंकू वाहतात, दहीभाताचे घास शिंपडतात, मग पहिलं बोंड वेचतात. ते झाल्याशिवाय कोणी कमरेला कापसाची ओटी बांधत नाही. मी लहानपणापासून पाहत आलो. पण ज्या साली माझं पोट कापलं, त्या सालची सीतादही आणि तिच्यामागून आलेला तो वेचणीचा हंगाम, एवढंच आता माझ्यापाशी उरलंय. बाकीचे साल एकमेकांत मिसळून गेले.

पोट कापायची पाळी का आली, ते आधी सांगतो.

राज्य नवं झालं तेव्हा मी पहिलीत होतो. मास्तरांनी झेंड्याखाली उभं करून एकेक पेढा दिला. मी माझा खाल्ला आणि शेजारच्याचाही खाल्ला. चौथीनंतर शाळा सुटली, खाणं सुटलं नाही. मिसरूड फुटलं तेव्हा वडनेर भोलजीपासून नांदुऱ्यापर्यंत माझं नाव झालं होतं, ते खाण्यासाठी. त्या काळी लग्नाच्या पंगतीत पैज लागायची. वराकडचा एक खाणारा, वधूकडचा एक. समोरासमोर बसायचं, वाढपी बुंदीचे लाडू टाकत जायचा, बघे मोजत जायचे. मला बैलगाडी पाठवून न्यायचे, आणि मी नात्यात कोणाचाच नसायचो. रेशनच्या लाल ज्वारीचे दिवस होते ते. शेजारच्या पोरांच्या बरगड्या लांबून मोजता यायच्या. मी मात्र लोकांच्या लग्नात लाडू जिंकून यायचो आणि माय दारातच मीठमोहऱ्या उतरवून दृष्ट काढायची. जाड होणं म्हणजे आजार, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. वाळणं म्हणजे आजार. एवढंच आम्हाला ठाऊक होतं, आणि तेही मी नेमक्या वेळी विसरलो.

कौसल्यानं, माझ्या बायकोनं, मला पहिल्यांदा अशाच एका पंगतीत पाहिलं. लग्न झाल्यावर म्हणाली, "तुमाले खाताना पाह्यलं अन् मले वाटलं, याच्या घरी खायाले हाये."

खायला होतं. पण माझी माय हाताची आखडती होती. सुनेला मोजून वाढायची. आमच्यात रीत अशी, की नवऱ्याचं जेवण झालं की बायकोनं त्याच ताटात बसायचं. मी एक युक्ती काढली. मायला म्हणायचो, अजून दोन भाकरी टाक. भाजी वाढ. तूप सोड. आणि उठताना अर्ध्या भाकरीखाली भाजी झाकून, तुपाचा घास बाजूला सारून उठायचो. माय करवादायची, "मागते ढीगभर अन् टाकते मेला!" कौसल्या मान खाली घालून ताट उचलायची. पाठमोरी जेवायला बसायची. भाकरी उचलल्याचं तिच्या खांद्यावरून कळायचं.

प्रेमाबिमाचं बोलणं आमच्यात कधी झालं नाही. जे होतं ते त्या ताटात होतं. पण माय समोर बसलेली, म्हणून मागितलेल्यातलं निम्मं तरी मला खावं लागे. तिच्यासाठी मागत गेलो आणि माझं अंग वाढत गेलं. म्हणजे सगळा दोष त्याला देत नाही. मला खायला आवडायचंही.

माय गेली. डबे कौसल्याचे झाले, चूल तिची झाली. तरी ती माझ्यामागून माझ्याच ताटात बसायची. मी म्हणायचो, "आता काऊन? घे ना तुह्यं ताट वाढून."

"मले दुसऱ्या ताटात गोड लागत नाही," ती म्हणायची.

साठी जवळ आली तेव्हा मी एकशे अठ्ठावीस किलो होतो. साखर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला. सुनंदा, आमची एकुलती एक पोर, मलकापूरला दिलेली. तिनं हट्ट धरला आणि पोळ्याच्या आधी मला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पाच भोकं पाडली आणि पोटाची पिशवी कापून काढली. उरली ती केळ्याएवढी. डॉक्टर भला माणूस. घरी सोडताना म्हणाला, "बाबा, आता लहान ताटली, लहान घास. पोट भरायच्या आत हात थांबवायचा. आणि लक्षात ठेवा, दिवसभर थोडं थोडं चरत राहिलात तर हे पोट पुन्हा ताणतं." मी म्हटलं, मी काय बकरी आहे का चरत राहायला?

घरी आलो तर कौसल्यानं माळ्यावरून सुनंदाची लहानपणची ताटली काढून ठेवली होती. काठावर कोरलेलं, कु. सुनंदा. पैजा जिंकणारा माणूस त्या ताटलीत जेवायला बसला. चार चमचे झाले की पोट म्हणे, बस. जास्त गेलं तर बाहेर पडे. मी उठायचो आणि ती त्याच ताटलीत बसायची.

सीतादहीला मला बैलगाडीतून शेतात नेलं. तासात पाच खडे मांडलेले, हळद वाऱ्यानं उडत होती. दहीभात मऊ, मला चालण्यासारखा. कौसल्यानं कु. सुनंदाच्या ताटलीत दोन चमचे वाढला. मी दीड खाल्ला. उरलेला तिनं बोटानं पुसून खाल्ला आणि म्हणाली, "देवाचा प्रसाद अन् तुमचं उष्टं एकाच घासात झालं. काम वाचलं."

तो कापूस अजून हाताला लागतो. दुपारच्या उन्हात तापलेला, गाठोडं उघडलं की तोंडावर गरम वाफ यायची. पऱ्हाटीच्या वाळक्या पानांचा वास. बायांच्या बोटांना बोंडाच्या टोकांनी पडलेल्या चिरा. संध्याकाळी सगळ्या कोठ्यात जमायच्या. लोखंडी आड्याला गोल तबकडीचा काटा, शंभर किलोपर्यंतचा. आकड्याला गाठोडं अडकवायचं, मी वजन सांगायचं.

ऑपरेशनच्या आधी त्या बायांनी मला एकदा गमतीनं चादरीच्या झोळीत बसवून काट्याला लटकवलं होतं. काटा गरकन फिरून शेवटच्या खिळ्याला टेकला आणि थरथरत राहिला. वत्सला म्हणाली होती, "काटा संपला, दादा नाही संपले!"

त्या हंगामात मी दर वेच्याला झोळीत बसायला लागलो. दिवाळीपर्यंत काटा खिळ्याला चिकटूनच होता. मार्गशीर्षात एक दिवस त्यानं खिळा सोडला. अठ्ठ्याण्णव. बायांनी टाळ्या पिटल्या. मी चुलीतला कोळसा घेऊन कोठ्याच्या चुन्याच्या भिंतीवर लिहिलं, ९८. लिहिणं मला बेताचंच येतं, पण आकडे ठळक येतात.

"आता वहिनी!" वत्सला म्हणाली. "जोडीनं बसा. पूजेले जोडी लागते, काट्यालेबी लागते."

कौसल्या नको नको म्हणत पदर खोचून बसली. पाय जमिनीवरून सुटले तेव्हा लहान पोरीसारखी किंचाळली. एक्कावन्न. मी माझ्या आकड्याखाली लिहिलं.

संक्रांतीला मी पंच्याण्णव. ती सेहेचाळीस.

"काय वो वहिनी, दोघांचं एकच ऑपरेशन झालं का?"

"यांच्या ताटलीत माह्यंबी पोट बसलं," कौसल्या म्हणाली. सगळ्या हसल्या. सगळ्यात जास्त मी हसलो.

महाशिवरात्रीला फरदडीचा, म्हणजे शेवटचा कापूस निघाला. मी एकोणनव्वद. ती एक्केचाळीस. वत्सलानं तिला झोळीतून उचलूनच बाहेर काढलं, कडेवर घेतल्यासारखं. मी कोळशानं लिहीत लिहीत म्हणालो, "पाह्य, तूबी उतरली. आता आपून नवरानवरी दिसू." हे माझं वाक्य आहे. मी म्हटलेलं आहे. ते गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही.

दर महिन्याला औरंगाबादला तपासणी असायची. कौसल्या बरोबर यायची. पिशवीत माझी ताटली, माझा डबा, माझे कागद. दवाखान्यात वजनाचा काटा होता, काचेचा, हिरवे आकडे दाखवणारा. मी त्याच्यावर चढायचो, नर्स म्हणायची, "वा बाबा!" कौसल्या तिथून चार हातांवर बाकावर बसलेली असायची, माझ्या चपला सांभाळत. सहा महिने ती त्या काट्यापासून चार हातांवर बसली. मी तिला म्हणालो नाही, तू पण चढ. सुचलंच नाही. काटा आजारी माणसासाठी असतो आणि आजारी मी होतो, असं आमचं ठरलेलं होतं.

होळीनंतर ती ओट्याची पायरी चढता चढता खाली बसली. सुनंदा सणाला आलेली होती. तिनं आईच्या पोलक्याची बाही चिमटीत धरली तर आत दंड कुठे आहे ते शोधावं लागलं. त्याच आठवड्यात दाखवलं. पोटात गाठ निघाली, फार पुढं गेलेली. डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून कमी होतंय?"

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "आमचं संगंच कमी झालं."

वैशाखात ती गेली.

पुढच्या दिवाळीआधी सीतादहीला मी गेलो होतो. पूजेपर्यंत ठीक होतो. संध्याकाळी कोठ्यात पाय टाकला आणि भिंत समोर आली. दोन रांगा. अठ्ठ्याण्णव, पंच्याण्णव, एकोणनव्वद. एक्कावन्न, सेहेचाळीस, एक्केचाळीस. माझ्याच हातचे ठळक आकडे. हात लिहीत होता, डोळे वाचत होते आणि डोकं कुठं होतं कोणास ठाऊक. वत्सला म्हणाली चुना मारून घेऊ. मी नाही म्हटलं. पुसवत नव्हतं, पाहवतही नव्हतं. मग मी जाणंच सोडलं.

आता वजन परत कसं आलं, ते लोक विचारतात. विचारत नाहीत, बोलतात. "पोट कापलं बुवानं, जीभ नाही कापली." पूर्वी मी जाड होतो तेव्हा खात्यापित्या घरचा होतो. आता गुन्हेगार आहे. एकदा सुटून पुन्हा पकडला गेलेला.

आधी दुखवटा आला. सोयऱ्यांनी आळीपाळीनं जेवायला बोलावलं. समोर बसून वाढायचे. दुःखी माणसानं खाल्लं की वाढणाऱ्याला बरं वाटतं. मग भेटायला येणारे, आणि प्रत्येकाबरोबर गोड चहा. चहाला पोट अडवत नाही, तो सरकन खाली जातो. आणि मग घर रिकामं झालं.

पहिल्या दिवशी मी त्या लहान ताटलीत वाढून घेतलं. दोन चमचे उरले. मी उठलो. ताटली तिथंच राहिली. संध्याकाळी माशा बसलेल्या पाहिल्या आणि धुऊन माळ्यावर ठेवून दिली. तेव्हापासून मी ताटात जेवलो नाही. वत्सलाची सून भाकरी करून ठेवते, ती हातावर घेऊन उभ्यानं खातो. बाकी कागदातून, डब्यातून, खिशातून. बाजारातली शेव, गूळ-शेंगदाणे, फुटाणे. ज्यात उरत नाही असं. पोट लहान, घास लहान. पण दिवस लांब आहे. डॉक्टर बरोबर बोलला होता. मी बकरीच निघालो.

तिसऱ्या वर्षी सदरे तंग झाले. पाचव्या वर्षी मोटारसायकलवर मागं बसवायला लोक कां कू करायला लागले. आता अंघोळीला स्टूल लागतं आणि पाठीला हात पुरत नाही. लग्नाला जात नाही. खाली बसलो तर चौघांनी उठवायचं, आणि टेबलावरच्या पंगतीला खुर्च्या हातवाल्या. दारातून जाताना मी जरा तिरपा होतो. दार तेवढंच आहे, बापानं बसवलेलं. कधी कधी भलतंच वाटतं. वाटतं की तिच्या अंगावरून जे गेलं तेच माझ्या अंगावर येऊन बसलंय, माझ्यामागून जेवायची ती, आता माझ्यातच जेवते. पण असं काही नसतं. शेव खाल्ली की चरबी होते, एवढंच असतं.

सुनंदा दर रविवारी फोन करते.

"बाबा, वजन केलं का?"

"केलं."

"किती?"

"तेवढंच."

"तेवढंच म्हणजे किती? खरा आकडा सांगा. डॉक्टर म्हणतात पुन्हा या, काही तरी करता येईल. असंच राह्यलं तर साखर डोळे खाईल, गुडघ्यालेबी कोणी हात लावणार नाही. त्या खुर्चीतच जाल एक दिवस."

खुर्चीत जाणं मला वाईट वाटत नव्हतं, हे तिला सांगता येत नाही. मी उतरायचं मनावर घेत नाही, त्यालाही कारण आहे. मागच्या वेळी मी उतरलो तेव्हा सगळे माझ्याकडं पाहत होते.

गेल्या महिन्यात ती येऊन गेली. माझं रक्त काढायला माणूस घेऊन आली होती. दिवसभर घर झाडलं, शेवेच्या पुड्या उकिरड्यावर फेकल्या, मला बोलली. जाताना माळ्यावरचा डबा काढायला हात वर केला, तर बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. हात खाली आणला तर मनगटावर येऊन सांडल्या. मी पाहिलं. विचारलं नाही. बोलणं माझ्या वजनाचं चाललं होतं.

काल वत्सला खुर्ची ओढून गेली, आणि त्यानंतर दिवसभर मला त्या बांगड्याच दिसत राहिल्या.

आज सकाळी मी काठी घेऊन निघालो. एवढ्याशा वाटेला चार वेळा थांबलो. बायांनी तासात पाच खडे मांडले होते. मला पाहून वत्सलानं पदरानं एक दगड पुसून बसायला दिला. दहीभात शिंपडला. मला द्रोणात घास दिला. दह्याला तोच वास होता. पहिलं बोंड वत्सलानं वेचलं आणि माझ्या हातात ठेवलं. बोंडाला वजन नसल्यासारखंच असतं.

वेचा होईपर्यंत मी बांधावर थांबलो. ऊन कलल्यावर बाया गाठोडी घेऊन कोठ्यात शिरल्या. त्यांच्यामागून मीही शिरलो, तिरपा होऊन. भिंत तशीच आहे. कोळसा फिका झालाय, पण वाचता येतो. गाठोडी मोजून झाली.

"वत्सला, चादर अडकव."

तिचे डोळे चमकले. "बसता, दादा?"

"आधी तू."

"मले काय झालं?"

"काही नाही झालं. बस."

"अवो, मी काय कापूस हाये का?"

"मागच्या साली किती होतं तुह्यं?"

"कोनी मोजलं मले? तुमी तर कापूस मोजालेबी नाही आले!" बाया हसल्या. मी हसलो नाही, तशी ती मुकाट्यानं बसली आणि पाय उचलले. त्रेचाळीस. मी भिंतीवर तिसरी रांग सुरू केली, वत्सला, ४३. बाकीच्याही बसल्या एकेक करून, थट्टामस्करी करत. प्रत्येकीचं लिहिलं. म्हटलं, शिवरात्रीला पुन्हा बसायचं, आणि कोणाचा आकडा खाली आला तर हसायचं नाही. दवाखान्यात न्यायचं. वत्सला भिंतीकडं पाहत होती, वरच्या दोन रांगांकडं. मग ती म्हणाली, "म्याच तर उचललं होतं तिले झोळीतून. मलेबी कुठं कळलं?" आणि पदर तोंडाला लावला. नऊ वर्षं मला वाटत होतं, हे माझ्या एकट्याचं आहे.

मग मी बसलो. दोघींनी चादर धरली. पाय उचलले. आडं करकरलं. काटा गरकन फिरला आणि शेवटच्या खिळ्याला जाऊन टेकला. कोणी टाळी वाजवली नाही.

झोळीत बसल्या बसल्याच खिशातून फोन काढला. आज रविवार नव्हता. सुनंदानं घाबरूनच उचलला. "बाबा? काय झालं?"

"काट्यावर बसलो."

ती मग हळू म्हणाली, "किती?"

"काटा संपला. शंभराच्या वर हाये. किती वर, ते तुह्या डॉक्टरले मोजू दे. मी येतो."

"खरंच येता? बाबा, मी उद्याच—"

"थांब. तुह्यं किती?"

"माह्यं काय?"

"वजन."

"माह्यं कशाले आता? मी बरी हावो. धावपळीनं जरासक उतरलं असंल."

"तुह्या मायचंबी जरासकच उतरलं होतं," मी म्हणालो. "काटा हाये ना घरात? त्याच्यावर उभी राह्य. आत्ता. मी फोन धरून बसतो."

ती नाही म्हणाली नाही. फोन कशावर तरी ठेवल्याचं ऐकू आलं, मग बांगड्यांचा आवाज, मग पलंगाखालून काही तरी ओढल्याचा. वत्सला विचारत होती, "दादा, उतरवू का?" मी मान हलवून नाही म्हटलं. चादर दोन्ही बाजूंनी कमरेला काचत होती. डोक्यावर काटा खिळ्याला टेकून थरथरत होता. पाय भुईपासून वीतभर वर होते, आणि पलीकडून आकडा ऐकू येईपर्यंत मी ते टेकवणार नव्हतो.